व्हिसा ९० दिवसांचा, त्यातले आपले किती?

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय फळ्यावर वाचला तेव्हा काहीजणी हसल्या. ‘युरोपातल्या एका शहरात कमी खर्चात तीन महिने.’ आपण एरवी बोलतो ते रेशनबद्दल, सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्याबद्दल, नवरा मारतो तिला पोलीस ठाण्यात घेऊन जाण्याबद्दल. त्यात हे युरोप कुठून आलं?

ते आलं आपल्याच घरातून. नीरेच्या कालव्यावर ऊस काढून, म्हशी पाळून, डाळिंबाच्या बागा सांभाळून पोरं-पोरी शिकवल्या. त्या इंजिनियर झाल्या, पुण्याला गेल्या, त्यातल्या काही जर्मनीला, नेदरलँड्सला पोचल्या. मग एक दिवस फोन येतो, ‘आई, डॉक्टरांनी तारीख दिलीय. येशील ना?’ आई जाते. व्हिसा मिळतो तीन महिन्यांचा. तीन महिने ती एका फ्लॅटमध्ये शेक-शेगडी, खिमट, धुणं, स्वयंपाक करते आणि परत येते. गावात विचारतात, काय काय बघितलंस? ती म्हणते, ‘बर्फ बघितला. खिडकीतून.’

सोबत वडील गेलेले असले तर त्यांचं वेगळं असतं. ते रोज सकाळी बागेत फिरायला जातात, ट्रामनं हिंडतात आणि परत आल्यावर पारावर बसून तिकडची शिस्त, तिकडची स्वच्छता यावर सहा महिने बोलतात. दोघांचं तिकीट एकाच किमतीचं होतं!

पैसेवाल्या लोकांना टूर कंपन्या दहा-बारा दिवसांत पाच-सहा देश दाखवतात. बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा बसमध्ये. ज्यांना युरोप स्वस्तात आणि नीट बघायचा असतो ते वेगळी युक्ती करतात. एकच शहर धरतात, तिथंच मुक्काम टाकतात, घरी स्वयंपाक करतात, महिन्याचा पास काढतात आणि आजूबाजूच्या गावांना सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. यात सगळ्यात मोठा खर्च असतो तो राहण्याचा. आपल्या बाईचा तोच खर्च वाचलेला असतो. राहायला घर आहे, स्वयंपाकघर आहे, ९० दिवस आहेत. तिच्याकडे नसतो तो स्वतःचा वेळ. म्हणून मला हा विषय आपल्या चळवळीचा वाटतो.

पहिल्यांदा जरा मागं बघू या. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. विधवा, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. जाण्याचा खर्च त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातून उभा केला. तिथं वाँटेज या गावी जोगिणींच्या मठात त्यांची राहण्या-जेवणाची सोय झाली. ती धर्मादाय नव्हती. पुण्याला यायच्या तयारीत असलेल्या सिस्टरांना मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात राहायचं, असा तो व्यवहार होता. मी काय देणार आणि मला काय मिळणार, हे बाईनं आधीच ठरवून घेतलं होतं.

दुसरं नाव इरावती कर्वे. १९२८ साली त्या मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या. सासरे कोण, तर धोंडो केशव कर्वे. विधवाविवाहासाठी आणि स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य घातलेला माणूस. पण सुनेनं जर्मनीला जाण्याला त्यांचा विरोध होता. नवरा दिनकर कर्वे पाठीशी उभा राहिला, जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं आणि इरावतीबाई गेल्या. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व कवटीच्या घडणीत शोधत होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसा फरक आढळला नाही, आणि त्यांनी तसंच लिहून दिलं. कर्व्यांच्या घरातसुद्धा सुनेच्या प्रवासाला विरोध होऊ शकतो, तर आपल्या घरात झाला म्हणून खचून जायचं कारण नाही.

आता हिशेबाला बसू. मी बर्लिनचंच उदाहरण घेते. तुमची लेक म्युनिकला असो की आइंडहोवनला, रीत तीच राहील.

आईला सगळे म्हणतात, ‘लेकीच्या खर्चानं युरोप बघून आली.’ तिलाही तसंच वाटतं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असं ऐकत वाढलेल्या आपण. मग त्या पाण्याची परतफेड म्हणून आई उभ्याची बसत नाही. जर्मनीत जानेवारी २०२६ पासून कायद्यानं किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आई दिवसाला आठच तास राबते असं धरा. तुम्ही हसताय, कारण तुम्हाला माहीत आहे ती किती राबते! तरी आठच धरा. दिवसाचे १११ युरो २० सेंट झाले. साठ दिवसांचे ६,६७२ युरो. युरोचा भाव शंभर रुपयांच्या वर आहे, सोपं जावं म्हणून शंभरच धरू. ६ लाख ६७ हजार रुपये झाले. त्यात विमानाचं तिकीट कुठल्या कुठं बसतं.

लेकीकडून ही मजुरी वसूल करा असं मी म्हणत नाही. लेकही त्या वेळी ओली बाळंतीण असते, परक्या मुलखात असते, तिला आई हवी असते. तिला दोषी धरण्यात अर्थ नाही. पण फुकट आलोय ही भावना मनातून काढून टाकली, तर आठवड्यातले दोन दिवस माझे, असं म्हणायला जीभ रेटते.

ते दोन दिवस कोण सांभाळणार? मैत्रिणींनो, तिथं जावई आहे! जर्मन कायद्यानं बाळंतिणीला प्रसूतीनंतर आठ आठवडे भरपगारी सुट्टी असते. त्याशिवाय बालसंगोपन रजा आई आणि बाप दोघांनाही असते, प्रत्येकाला तीन वर्षांपर्यंत. त्या काळात सरकारकडून पालक भत्ता मिळतो. एकट्यानं घेतला तर १२ महिने आणि दोघांनी वाटून घेतला तर १४ महिने. म्हणजे बापानं निदान दोन महिने घरी बसावं म्हणून सरकारनं मुद्दाम केलेली ती सोय आहे. बाहेरून नोकरीसाठी आलेल्यांपैकी कोणाला भत्ता लागू होतो हे त्यांच्या परवान्यावर अवलंबून असतं, ते त्यांनी तिथं विचारावं. बाळ लहान असताना घ्यायची रजा नोकरीच्या ठिकाणी सात आठवडे आधी कळवावी लागते. म्हणून हे बोलणं आईचं तिकीट काढायच्या आधी व्हायला हवं, बाळ झाल्यावर नाही.

आणखी एक. तिथं सरकारी आरोग्य विमा असलेल्या बाळंतिणीकडे शिकलेली सुईण घरी येते. तिला हेबामे म्हणतात. बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत ती तपासायला, दूध पाजण्याबद्दल सांगायला येऊ शकते आणि तिचा खर्च विमा देतो. मात्र सुईण गरोदरपणातच ठरवून ठेवावी लागते, मागाहून मिळणं कठीण. लेकीला फोनवर विचारा, ‘हेबामे ठरवली का?’ सगळा भार एकट्या आईवर असायची गरज उरत नाही.

आता कागदपत्रं. पासपोर्टसाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही, हे आधी पाटीवर कोरून ठेवा. लग्नाचा दाखला डिसेंबर २०१६ पासून सक्तीचा राहिलेला नाही. जन्माचा दाखला नाही म्हणून अनेकजणी मागं राहतात. आपल्या वयाच्या बायकांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र असे दुसरे पुरावे चालतात. ३६ पानी पासपोर्टची नेहमीची फी १,५०० रुपये आहे. दहावी पास नसलेल्या बाईच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा येतो आणि मग कोणीतरी सांगतं, तुला परदेशी जाता येणार नाही. तसं नाही. तो शेरा ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे आणि त्या यादीत जर्मनी नाही. चौथी शिकलेली बाईही बर्लिनला भेटीला जाऊ शकते.

व्हिसा मिळतो त्याला शेंगेन म्हणतात. एका व्हिसावर जर्मनीसह युरोपातले २९ देश येतात. कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस राहता येतं. उतरलेला दिवस आणि निघालेला दिवस दोन्ही मोजतात. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा दिवसांचा हिशेब यंत्रच ठेवतं. एक दिवसही जास्त राहू नका. फी ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. तिकडून लेक किंवा जावई खर्चाची हमी लिहून देतात. ती द्यावीच, पण सोबत आपल्या नावाचं पासबुकही जोडा. पासपोर्ट आणि परतीचं तिकीट सगळा काळ आपल्या पिशवीत ठेवायचं. जावयाच्या कपाटात नाही, नवऱ्याच्याही नाही.

सामानात तूप, खवा, पेढे न्यायला बंदी आहे. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून येणाऱ्यांना युरोपात नेता येत नाहीत. डिंक आणि खारीक न्या. लोणी तिथं चांगलं मिळतं, तूप तिथंच कढवा.

आता ९० दिवसांची आखणी. ती कागदावर करा, मनात ठेवू नका. मी अशी सुचवते. शक्य असेल तर तारखेच्या दहा-बारा दिवस आधी पोचा. त्या दिवसांत लेकीबरोबर जवळचं दुकान, दवाखाना, रेल्वेचं स्टेशन आणि घराची किल्ली हे सगळं शिकून घ्या. एक किल्ली तुमच्या गळ्यात. पत्ता कागदावर जर्मन अक्षरांत लिहून पर्समध्ये. नंतरचे चार आठवडे पूर्ण लेकीचे आणि बाळाचे. ते आनंदानं द्या. पाचव्या आठवड्यापासून आठवड्याचे दोन दिवस तुमचे, एक शहरात हिंडायला, एक बाहेरगावी. शेवटचे आठ दिवस लेक आणि जावई आपलं आपण कसं सांभाळतात ते बघायचे. ती सवय त्यांना लागायलाच हवी, कारण तुम्ही जाणार आहात.

प्रवासाचा खर्च किती? जर्मनीत एक महिन्याचा पास आहे, ‘डॉइचलांड टिकेट’. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाला. त्यावर देशभरातल्या शहरी बस, ट्राम, भुयारी रेल्वे आणि सगळ्या प्रादेशिक गाड्या चालतात. लांबच्या वेगवान गाड्या तेवढ्या चालत नाहीत. आपल्याकडे पॅसेंजरचा पास असावा तसं, पण सबंध देशाचा. दर महिन्याला तो आपोआप पुढं चालू राहतो. बंद करायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर पैसे कापले जात राहतात. दोन महिने काढला तर १२६ युरो, म्हणजे साडेबारा-तेरा हजार रुपये. मघाच्या ६ लाख ६७ हजारांशेजारी हा आकडा लिहून ठेवा.

पाणी नळाचं पिता येतं, बाटली विकत घेऊ नका. बाटली घेतलीच तर रिकामी दुकानात परत केल्यावर अनामत मिळते. डबा घरून न्यायचा. रविवारी दुकानं बंद असतात, भाजी शनिवारी आणायची. भाजीसाठी मायबाखउफर नावाच्या कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी तुर्की लोकांचा बाजार भरतो. तिथं कोथिंबीर मिळते आणि डोक्यावर रुमाल बांधलेल्या बायका आपल्यासारखीच भेंडी मोडून बघत असतात. उन्हाळ्यात गेलात तर रात्री नऊपर्यंत उजेड, डिसेंबरात चारलाच अंधार. हिवाळ्यात आपला दिवस लवकर सुरू करावा लागतो.

शहरात काय बघाल? राजवाडे आहेतच. पण आपल्या दृष्टीनं बर्लिन म्हणजे बायकांच्या चळवळीचं शहर. आपण दर वर्षी ८ मार्च साजरा करतो. महिला दिनाची कल्पना १९१० साली कोपनहेगनच्या परिषदेत मांडली ती क्लारा झेटकिन या जर्मन बाईनं. २०१९ पासून बर्लिनमध्ये त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. लांडवेर कालव्याच्या काठावर रोझा लक्झेंबर्गची खूण आहे. १५ जानेवारी १९१९ ला तिला ठार करून तिचं प्रेत याच कालव्यात टाकलं होतं. शहराच्या मध्यभागी नॉये वाखे नावाची इमारत आहे, आत जायला पैसे पडत नाहीत. तिथं केटे कोलवित्झ या शिल्पकार बाईचं शिल्प आहे, मेलेल्या मुलाला कवटाळून बसलेली आई. तिचा स्वतःचा मुलगा १९१४ च्या युद्धात मेला होता. ते बघायला जर्मन भाषा यावी लागत नाही. आणि भुयारी रेल्वेनं डालेम भागात जाऊन इहने रस्त्यावरची ती इमारत बाहेरून का होईना बघा, जिथं इरावतीबाई काम करायच्या. आज ती विद्यापीठाकडे आहे.

नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांसाठीचं पश्चिम जर्मनीतलं पहिलं आश्रयघर १९७६ साली पश्चिम बर्लिनमध्येच सुरू झालं. अशा घरांचे पत्ते गुप्त ठेवतात, त्यामुळे बघायला जाता येत नाही. पण बायकांची केंद्रं, ग्रंथालयं आहेत, तिथं दार उघडं असतं. लेकीला एक दिवस सोबत यायला सांगा, दुभाषी म्हणून. तिलाही कळेल आईला काय बघायचं असतं ते.

आता बाहेरगावं, सगळी त्याच पासवर. पहिल्या खेपेला पोट्सडामला जा. जवळ आहे, चुकायची भीती नाही, राजाच्या बागेत दिवसभर बसता येतं. दुसऱ्या खेपेला श्प्रेवाल्डला, ल्युबेनाऊ या गावी. सगळीकडे पाण्याचे पाट, त्यात होड्या, आणि काकडीची शेती. तिथल्या खारवलेल्या काकड्या देशभर जातात. शेजारच्या लेडे गावात उन्हाळ्यात टपाल होडीनं वाटतात. शेतकरी बाईला तिथं कंटाळा येणार नाही. लांब जायची हिंमत आली की लाइपझिग. लुईझं ओट्टो-पीटर्स आणि तिच्या मैत्रिणींनी १८६५ साली जर्मन बायकांची पहिली देशव्यापी संघटना तिथं काढली. त्याआधीच आपल्याकडे सावित्रीबाईंनी शाळा चालवल्या होत्या.

आणि एक दिवस राव्हेन्सब्रुकला. बर्लिनच्या उत्तरेला, फ्युर्स्टेनबर्ग स्टेशनवर उतरायचं. हिटलरच्या राज्यात १९३९ ते १९४५ या काळात इथं खास स्त्रियांसाठी छळछावणी होती. तीसहून जास्त देशांतल्या सुमारे १ लाख २० हजार बायका आणि मुलं इथं डांबली होती. ज्यू होत्या, रोमा होत्या, कम्युनिस्ट होत्या, नवऱ्याला लपवलं म्हणून धरलेल्या होत्या. त्यांच्याकडून सक्तीनं काम करून घेतलं जाई, आणि हजारो तिथंच मेल्या. सोमवारी बंद असतं, प्रवेशाला पैसे नाहीत. तिथून येऊन बाळाला मांडीवर घेताना जड जाईल. तरी जा.

पैशाचं शेवटी बोलते. या फिरण्याचे पैसे लेकीकडे मागायचे नाहीत. मागितले की हिशेब द्यावा लागतो. बाळाची बातमी कळल्यापासून आपल्या हाती सात-आठ महिने असतात. दुधाच्या पैशांतून, शिवणाच्या पैशांतून, आपल्या नावाच्या खात्यात आवर्ती ठेव सुरू करा. पास, दहा-बारा बाहेरची जेवणं, थोडी खरेदी, यासाठी तीस हजार रुपये नीट पुरतात. बचत गटानं यासाठी कर्ज का देऊ नये? गट म्हशीला देतो, लग्नाला देतो, नवऱ्याच्या मोटरसायकलला सुद्धा देतो. बाईच्या तीन महिन्यांना द्यायला कोणाची हरकत असेल तर ती बैठकीत उघड मांडावी.

ज्यांची पोरं परदेशी नाहीत त्या म्हणतील, आम्ही काय करायचं? तिघी-चौघींनी मिळून दोन-तीन वर्षं साठवलं, तर एका शहरात तीन आठवडे स्वयंपाकघरासह खोली घेऊन राहता येतं. खोली घेताना जागेला परवाना आहे ना ते बघा. बर्लिनमध्ये घरं पर्यटकांना भाड्यानं देण्यावर कायद्यानं निर्बंध आहेत, नोंदणी क्रमांक विचारायचा.

आणि मागं घरी काय? धारा कोण काढणार, डबा कोण करणार? ही यादी आत्ताच बैठकीत करू या. कोणत्या घरात नवऱ्याला भाकरी येते, कोणत्या घरात येत नाही, तेही लिहू. जिच्या घरी येत नाही तिनं फोन आल्या दिवसापासून शिकवायला घ्यावं. सात-आठ महिन्यांत भाकरी येते.

लेकीचा फोन आला की ‘हो’ म्हणाच. पण त्याच फोनवर विचारा, जावयाची रजा केव्हा, हेबामे ठरली का, आणि पाचव्या आठवड्यापासून माझे दोन वार कोणते. आता प्रश्न विचारा.